व, व्ह आणि उच्चारशुद्धीचा धर्म

इंग्रजीत मराठी कानाला ‘व’सारखी वाटणारी दोन वेगळी व्यंजने आहेत. ‘व्ही’ या अक्षराचे व्यंजन उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांना हलका टेकतो, मधल्या फटीतून हवा घासत बाहेर पडते आणि त्याच वेळी स्वरतंतू कंप पावत असतात. ‘डब्ल्यू’च्या व्यंजनात दातांना काहीच काम नसते. दोन्ही ओठ गोल होऊन पुढे येतात, जिभेची मागची बाजू मऊ टाळूकडे उचलली जाते आणि हवा न घासता निघून जाते. मराठीचा व या दोहोंपैकी एकही नाही. त्यात ओठ दातांजवळ जातो, पण घर्षण होण्याइतका जवळ जात नाही. ओठांचा गोलही इंग्रजीइतका होत नाही. म्हणून मराठी माणसाचा साधा व इंग्रजी माणसाला कधी एक व्यंजन वाटतो, कधी दुसरे.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातील आसगावाच्या आसपासची नावे इंग्रजीत कशी लिहिली जातात ते पाहिले की ही गोष्ट लगेच ध्यानात येते. वैनगंगा डब्ल्यूने लिहितात, शेजारचे भिवापूर आणि पलीकडची वर्धा हीही डब्ल्यूने. विदर्भ मात्र व्हीने. आणि पवनीच्या इंग्रजी नावात वकार उरलेलाच नाही, तिथे ‘यू’ हा स्वर येऊन बसला आहे. बोलणाऱ्याच्या तोंडचा व सगळीकडे एकच होता. इंग्रजीला त्याच्यासाठी जागा सापडली नाही, म्हणून लिहिणाऱ्याने हाताला लागेल ते अक्षर वापरले. यात कोणी पाप केले असे कोणालाही वाटत नाही.

उलट दिशेने मात्र तसे वाटते. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. खेड्यातले मूल ‘व्हेरी’ऐवजी ‘वेरी’ म्हणाले की ते ‘अशुद्ध’ ठरते, आणि हा ‘अशुद्ध’ शब्द केवळ व्याकरणाचा राहत नाही. त्यात मुलाच्या घराबद्दल, जातीबद्दल, बोलीबद्दल एक निवाडा दडलेला असतो. शुद्ध-अशुद्ध ही जोडी मुळात धर्मविचारातून आलेली आहे. त्यामुळे प्रश्नही धर्मविचाराच्या पातळीवरच विचारला पाहिजे: व्यंजन चुकले म्हणजे नेमके काय चुकते? आणि ते कोणाशी बांधील असते?

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे सर्वात कठोर उत्तर यज्ञाच्या संदर्भात मिळते. शतपथ ब्राह्मणात देव आणि असुर यांच्या झगड्याची कथा आहे. वाणी देवांकडे गेली आणि असुरांना ‘हे अरयः’, म्हणजे ‘हे शत्रूंनो’, एवढेही नीट म्हणता येईना. त्यांच्या तोंडून ‘हेऽलवः’ असे निघाले आणि ते पराभूत झाले. या एका शब्दात दोन व्यंजने बदलली आहेत: र चा ल झाला आणि य चा व. पतंजलीने महाभाष्यात ही कथा पुन्हा सांगितली तेव्हा तिथे य तसाच राहिला आहे, रूप ‘हेलयः’ असे आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा भाष्यकार तिचा उपयोग व्याकरण शिकण्याचे प्रयोजन सांगण्यासाठी करतो. त्याच ठिकाणी इंद्रशत्रूची गोष्टही येते. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. ‘इंद्रशत्रु’ या समासात शेवटचा स्वर उदात्त, म्हणजे उंच, उच्चारला तर अर्थ होतो ‘इंद्राला मारणारा’. पहिला उदात्त उच्चारला तर ‘इंद्र ज्याला मारणारा आहे तो’. उच्चार चुकला आणि त्या यज्ञातून जन्मलेला वृत्र इंद्राच्या हातून मेला. वर्ण किंवा स्वर चुकलेला मंत्र वज्र होऊन यजमानावरच उलटतो, ही समजूत या कथेभोवती रुजली.

ही समजूत भीतीवर उभी आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण तिच्यामुळे जे काम झाले ते जगात अजोड आहे. मंत्रातले एकही व्यंजन ढळू नये म्हणून शिक्षा आणि प्रातिशाख्य हे ग्रंथ रचले गेले आणि त्यांत प्रत्येक वर्णाचे स्थान व प्रयत्न नोंदवले गेले. व दात आणि ओठ यांच्यापासून होतो हे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व सगळीकडे सारखा उच्चारला जात नाही हेही त्या आचार्यांना ठाऊक होते. पाणिनीच्या आठव्या अध्यायात एक सूत्र शाकटायन या आधीच्या वैयाकरणाचे मत देते की पदाच्या शेवटी विशिष्ट ठिकाणी येणारे य आणि व अतिशय हलक्या प्रयत्नाने उच्चारावेत. त्याच्या लगेच पुढचे सूत्र शाकल्याचे मत सांगते की तिथे त्यांचा लोपच होतो. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या शिक्षाग्रंथांत व चे तीन प्रकार येतात, गुरू, लघू आणि लघुतर. शब्दाच्या आरंभीचा व जड, मधला हलका, शेवटचा त्याहून हलका.

विदर्भात माध्यंदिन शाखेचे वैदिक मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे पठण ज्याने ऐकले आहे त्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. ते मंत्रातला ष अनेक ठिकाणी ख असा उच्चारतात, त्यामुळे ‘पुरुष’ हा शब्द ‘पुरुख’ असा कानावर पडतो. शब्दाच्या आरंभीचा य त्यांच्या तोंडी ज होतो. ऋग्वेदी ब्राह्मणाने आपल्या मंत्रात असे म्हटले तर तो दोष ठरेल. माध्यंदिनाने तसे म्हटले नाही तर तो त्याचा दोष. म्हणजे ज्या क्षेत्रात उच्चाराचा नियम सर्वात कडक आहे, तिथेही शुद्धता सगळ्यांसाठी एक नाही. ती शाखेशी बांधलेली आहे. गुरूने ज्या परंपरेत शिकवले, तिच्याशी प्रामाणिक राहणे हीच तिथली शुद्धी. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

पतंजलीचीच आणखी एक कथा या चर्चेत सहसा विसरली जाते. ती इंद्रशत्रूइतकीच प्रसिद्ध असायला हवी होती. ‘यर्वाण-तर्वाण’ नावाचे काही ऋषी होते. ते धर्म प्रत्यक्ष जाणणारे, जे जाणायचे ते जाणून बसलेले. ‘यद्वा नः, तद्वा नः’ असे म्हणण्याऐवजी ते ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत, द च्या जागी र. त्यावरून त्यांना हे नाव पडले. पण यज्ञकर्म चालू असताना ते असे बोलत नसत. असुर यज्ञातही तसेच बोलले म्हणून हरले. हे ऋषी घरी-दारी कसेही बोलले तरी ऋषीच राहिले. व्यंजनाची शुद्धी हा माणसाच्या योग्यतेचा मापदंड नाही, ती एका विशिष्ट कर्माची अट आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. शुद्ध शब्दानेही अर्थ कळतो आणि अपशब्दानेही कळतो, हे पतंजली मान्य करतो. भूक कशानेही भागते, तरी काय खावे आणि काय खाऊ नये याचा नियम असतो. शब्दाच्या बाबतीत व्याकरण करते ते असेच धर्माचे नियमन. व्याकरणकाराने स्वतःच्या शास्त्राला घातलेली ही मर्यादा आहे, आणि ती त्याच्या मोठेपणाची खूण आहे.

यामागे आणखी खोल प्रश्न आहे: वर्ण म्हणजे मुळात काय? दोन माणसांनी म्हटलेला व एकच आहे असे कशावरून म्हणायचे? न्यायदर्शनाचे म्हणणे असे की शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. सकाळचा व सकाळीच संपला; संध्याकाळचा व दुसरा, फक्त तो पहिल्यासारखा आहे. मीमांसक याला कडाडून विरोध करतात. ऐकणारा ‘तसाच एक’ असे म्हणत नाही, ‘तोच हा’ असे म्हणतो. या ओळखीला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि तिच्या आधारे वर्ण नित्य आहे असे ठरवतात. उच्चार त्याला घडवत नाही, फक्त प्रकट करतो. वैयाकरण वेगळ्या वाटेने जातात. पतंजली ढोलाचा दाखला देतो: एका आघाताचा नाद कधी थोडा दूर पोचतो, कधी फार दूर, पण आघात तेवढाच असतो. तसे ध्वनी वाढतो-घटतो, स्फोट, म्हणजे ध्वनीतून प्रकट होणारे शब्दाचे स्थिर रूप, बदलत नाही. पुढे भर्तृहरीने वाक्यपदीयात वर्णाची ओळख पटवणारा ध्वनी आणि बोलण्याच्या वेगाने किंवा माणसागणिक बदलणारा ध्वनी असा भेद केला.

मीमांसक आणि वैयाकरण एकमेकांशी कितीही भांडले तरी एका गोष्टीवर ते एकत्र येतात. वर्णाचे एकत्व ओठ-दातांच्या नेमक्या अंतरात नाही, ओळखीत आहे. ज्या भाषेत जे दोन वर्ण वेगळे ओळखावे लागतात, ते वेगळे ओळखू आले पाहिजेत. त्याच्या आतल्या छटा कितीही असोत.

मंत्राच्या कडक नियमाला धर्माच्या आतूनच दुसरे उत्तर मिळाले ते बुद्धाकडून. विनयपिटकात यमेळु आणि तेकुल या दोन ब्राह्मण भिक्षूंची हकीगत आहे. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्षू बुद्धवचन आपापल्या बोलीत म्हणून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक धाटणीच्या भाषेत बसवावे, अशी त्यांनी विनंती केली. बुद्धाने ती नाकारली आणि ‘स्वतःच्या बोलीत’ शिकायची परवानगी दिली. ही ‘स्वतःची बोली’ शिकणाऱ्याची की बुद्धाची, यावर भाष्यकार बुद्धघोषापासून वाद चालत आला आहे. पण मज्झिमनिकायातल्या अरणविभंग सुत्तात शंकेला जागा नाही. तिथे एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत वेगवेगळी नावे आहेत हे सांगून, आपल्याच प्रांताच्या शब्दाचा हट्ट धरणे हे भांडणाचे मूळ आहे असे शिकवले आहे.

आसगावाच्या तालुक्याला हा इतिहास परका नाही. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात बौद्ध स्तूप उजेडात आले. तिथले ब्राह्मी लिपीतले दानलेख प्राकृतात आहेत. दान देणाऱ्यांनी आपली नावे दगडावर कोरून घेतली ती लोकभाषेत, मंत्राच्या भाषेत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी धर्मकृत्य करायला लोकभाषेतल्या उच्चारांचा अडथळा आला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. या भागात बोलली जाणारी झाडीबोली ण, ळ, श, ष आणि छ ही व्यंजने वापरत नाही. पाण्याला ‘पानी’, डोळ्याला ‘डोरा’, शेताला ‘सेत’. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, तेव्हा कुठे तिच्याकडे बिघडलेली मराठी म्हणून पाहणे थोडे कमी झाले. श च्या जागी स म्हणणारे मूल मराठीच्या तासाला टोकले जाते. तेच मूल संध्याकाळी विहारात त्रिशरण म्हणते तेव्हा त्याचा स बिनचूक असतो, कारण पालीत श आणि ष नाहीतच. तिथे ‘सरण’ हेच शुद्ध रूप आहे. एकच व्यंजन, एकच तोंड. शाळेत दोष, विहारात शास्त्र.

महानुभाव पंथाने हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने मांडला. लीळाचरित्रात येणारा भांडारेकार नीळभट हा भंडाऱ्याचा, आणि पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचा या झाडीच्या प्रदेशात संचार झाला होता. चक्रधरांनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांपुढे विद्वान शिष्य संस्कृतात बोलू लागले, तेव्हा त्यांनी त्यांना थांबवले. स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितले, तेव्हा मराठीतच विचारा, असा त्यांचा आग्रह स्मृतिस्थळात आला आहे. मोक्षाची भाषा आणि चुलीपुढची भाषा एक असू शकते, हा तेराव्या-चौदाव्या शतकातला निर्णय साधा नव्हता.

इतर धर्मांतही हा पेच आला आणि बहुतेक ठिकाणी उत्तर भेद करूनच दिले गेले. इ. स. ७४६ मध्ये बव्हेरियातल्या एका पुरोहिताने लॅटिन न येत असल्यामुळे बाप्तिस्म्याच्या सूत्रातली विभक्तिरूपे चुकवली. संत बॉनिफेसने पुन्हा बाप्तिस्मा द्यायला सांगितले. पोप झकारियसने ते अमान्य केले. चूक अज्ञानातून झाली, पाखंडातून नव्हे, तेव्हा विधी वैध आहे असा निकाल दिला. कुराणपठणाच्या तज्वीद शास्त्रात चुकीचे दोन वर्ग आहेत. ‘लह्न-ए-जली’ म्हणजे एक अक्षर बदलून दुसरे होण्याइतकी उघड चूक, आणि ‘लह्न-ए-खफी’ म्हणजे जाणकारालाच कळणारी बारीक उणीव. दोन्हींना एकाच तराजूत घातलेले नाही.

आता इंग्रजी व्ही आणि डब्ल्यूकडे परत येता येते. इंग्रजीला हे दोन वर्ण काही अनादिकाळापासून नव्हते. जुन्या इंग्रजीत व्हीचा ध्वनी होता तो फ चा एक अवतार म्हणून, दोन स्वरांच्या मधे आल्यावर. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला आणि ‘व्हॉइस’, ‘व्हिलेज’, ‘व्हेरी’ असे व्हीने सुरू होणारे शब्द भाषेत रुळले, तेव्हा तो स्वतंत्र वर्ण झाला. प्राचीन रोमन लोकांचा व्ही तर आजच्या डब्ल्यूसारखा उच्चारला जाई. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या सामान्य लोकांत व्ही आणि डब्ल्यूची अदलाबदल सर्रास चालत असे. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’मधला सॅम वेलर आणि त्याचा बाप तसेच बोलतात. इंग्रजांच्या राजधानीत जी गोष्ट गरिबाची बोली म्हणून चालून गेली, तीच आसगावच्या मुलाच्या तोंडी आली की बुद्धीची उणीव ठरते. हा न्याय नाही.

मराठीने या दोन वर्णांचे जे केले ते खरे तर अभिमानाने सांगावे असे आहे. हिंदी दोन्हींसाठी व लिहिते. बंगाली व्हीसाठी भ लिहिते, कारण तिच्याकडे व वेगळा उरलेला नाही. मराठीने मात्र ‘केव्हा’, ‘नव्हे’, ‘जिव्हा’, ‘विव्हळ’ या शब्दांतला आपलाच व्ह उचलला आणि तो व्हीला दिला. साधा व डब्ल्यूसाठी ठेवला. ‘वॉर्ड’ आणि ‘व्हॅन’, ‘वॉटर’ आणि ‘व्हरांडा’. पश्चिम दिशेचा ‘वेस्ट’ आणि अंगात घालायचा ‘व्हेस्ट’ मराठी लिपीत कधीच एक होत नाहीत. ध्वनीच्या दृष्टीने व्ह हा इंग्रजी व्ही नव्हे. इंग्रजी व्हीत घर्षण आहे, महाप्राण नाही. मराठी व्हमध्ये महाप्राण आहे, घर्षण जवळजवळ नाही. ध्वनीचा तुकडा तपासणाऱ्या नैयायिकाच्या कसोटीला तो उतरणार नाही. पण मीमांसक आणि वैयाकरण जी कसोटी लावतील, तिला तो पूर्ण उतरतो: दोन वर्ण दोनच राहिले, शब्दांची ओळख शाबूत राहिली. तज्वीदच्या भाषेत ही खफी चूक आहे, जली नव्हे. ज्या कोणा मराठी लिहिणाऱ्यांनी ही वाट पाडली त्यांनी न सांगता एक तत्त्वज्ञानाचा निर्णय घेतला, आणि तो बरोबर होता.

जली चूक होते ती दोन्ही ठिकाणी एकच वकार आला की, आणि ती खेड्यातल्या मुलाकडून होते हे खरे आहे. बहुतेक ग्रामीण बोलींप्रमाणे इथेही इकारापूर्वीचा शब्दारंभीचा व गळतो. विहिरीची ‘इहीर’ होते, विचाराचा ‘इचार’. शाकल्याने नोंदवलेला लोप वेगळ्या संदर्भातला, पण व हा मुळातच निसटता वर्ण आहे याची साक्ष दोन्हीकडे सारखी मिळते. अशा मुलाला ओठ दातांना टेकवून हवा घासायला शिकवणे आणि डब्ल्यूसाठी ओठ गोल करायला लावणे हे काही कठीण नाही. त्याला ‘केव्हा’ म्हणता येते, म्हणजे व्ह त्याच्या तोंडात आहेच. तिथूनच सुरुवात करता येते.

इंग्रजी हा मंत्र नाही. तिच्या उच्चाराने कोणाचा यज्ञ सिद्ध होत नाही आणि चुकल्याने कोणाचा वृत्र मरत नाही. शाखा म्हणाल तर तिच्याही अनेक आहेत, लंडनची एक, एडिनबर्गची दुसरी, आणि भारताची तिसरी. माध्यंदिनाने ऋग्वेद्याची लाज बाळगू नये तशी तिसरीनेही पहिलीची बाळगू नये. वर्गात शिकवायचा तो भेद: ‘वाइन’ म्हणजे मद्य आणि ‘व्हाइन’ म्हणजे वेल, हे बोलताना कळले पाहिजे. भेद कळत असेल तर मुलाला पुढे जाऊ द्यावे. घर्षण किती झाले आणि ओठ किती गोल झाले यासाठी त्याला उभे करून वर्गाला हसू देऊ नये, आणि तोंडी परीक्षेत गुण कापायचेच असतील तर ते भेद पुसल्याबद्दल कापावेत, छटेबद्दल कापू नयेत.